स्वयंपाकघरासाठी पेपर कंपोझिटचा ओटा निवडताना

अमेरिकेत घर घेतलेल्या किंवा जुन्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण काढलेल्या मराठी कुटुंबांपुढे ओट्यासाठी ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, लॅमिनेट आणि लाकूड हे पर्याय हमखास येतात. कागदापासून तयार होणारे पेपर कंपोझिट मात्र दुकानदार बहुधा स्वतःहून दाखवत नाही, आणि दाखवले तरी ‘पर्यावरणपूरक’ या एका शब्दापलीकडे फारसे सांगत नाही. हा ओटा चांगला आहे, पण तो प्रत्येक घरासाठी नाही. ज्या घरात कढई चुलीवरून उतरवून थेट ओट्यावर टेकवली जाते आणि ती सवय सुटण्यासारखी नाही, त्या घराने तो घेऊ नये. ज्या घराला दगडाची थंड, चकचकीत पाठ नको आहे, वापराने बदलत जाणारा पृष्ठभाग चालतो आणि वर्षाकाठी एक-दोनदा तेलाचा हात फिरवण्याची तयारी आहे, त्या घराने त्याचा गंभीरपणे विचार करावा. हा निर्णय नीट घेता यावा म्हणून काय पाहावे, काय विचारावे आणि घरच्या घरी काय तपासावे, ते पुढे सविस्तर दिले आहे.

हा पदार्थ आहे तरी काय

क्राफ्ट कागदाचे, म्हणजे खोक्यांसाठी वापरतात तशा चिवट तपकिरी कागदाचे ताव फिनॉलिक रेझिन या राळेसारख्या चिकट द्रव्यात भिजवायचे, वाळवायचे, हव्या त्या जाडीपर्यंत एकावर एक रचायचे आणि उष्णता व प्रचंड दाब देऊन त्यांचा एकजीव तक्ता करायचा, अशी ही प्रक्रिया आहे. दाबाखाली रेझिन कायमचे घट्ट होते आणि पुन्हा कितीही तापवले तरी वितळत नाही. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली तयार केलेले बेकेलाइट हे याच कुळातले रेझिन होते. १९१२ साली अमेरिकेतच विद्युत उपकरणांत अभ्रकाच्या जागी वापरण्यासाठी फॉर्मायका निघाले, त्यामागेही हेच रसायन होते. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचे मागचे झाकण उघडल्यावर दिसणारी तपकिरी पट्टी, जिच्यावर सगळे सुटे भाग डाख देऊन बसवलेले असतात, तीही बहुधा फिनॉलिक रेझिनने बांधलेल्या कागदाचीच असते. ‘कागदाचा ओटा पाण्याने फुगणार नाही का’, हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तयार तक्त्यात कागदाचा तंतू न् तंतू रेझिनने वेढलेला असल्यामुळे पाणी शोषले जाण्याचे प्रमाण अगदी अल्प राहते, एवढे त्याचे उत्तर आहे.

ओट्यासाठी हा पदार्थ अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातून, वॉशिंग्टन राज्यातून पुढे आला. टॅकोमा शहरातली रिचलाइट ही कंपनी १९४३ साली प्लायवूडच्या व्यवसायात सुरू झाली. तिचे कागदी तक्ते विमान उद्योगातल्या साच्यांसाठी, हॉटेलांतल्या सुरी चालवायच्या पाटांसाठी, पिझ्झा भट्टीत सरकवायच्या फळ्यांसाठी आणि स्केटबोर्डच्या उतारांसाठी वापरले जात असत. घरगुती ओट्यांवर ते नंतर आले. त्याच राज्यातल्या होक्विअम गावातून पेपरस्टोन हे दुसरे नाव पुढे आले आणि पुनर्वापर केलेल्या कागदावर त्यांनी विशेष भर दिला. हॉटेलच्या भटारखान्यात आणि स्केटबोर्डच्या चाकांखाली टिकलेला पदार्थ घरातल्या रोजच्या वापराला पुरेसा भक्कम आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न भक्कमपणाचा नसून आपल्या स्वयंपाकाच्या पद्धतीला तो मानवतो की नाही, याचा आहे.

एक घोळ आधीच दूर करावा. कागदाचा लगदा, काचेचा चुरा आणि सिमेंट एकत्र करून ओतलेल्या फरश्याही ‘पुनर्वापरित कागदाचा ओटा’ म्हणून विकल्या जातात. तो पदार्थ निराळा आहे. सिमेंट सच्छिद्र असते आणि आंबट पदार्थांनी झिजते, त्यामुळे त्याला छिद्रे बुजवणारा सीलर नियमितपणे लावावा लागतो. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच असा असावा की कागद रेझिनने बांधलेला आहे की सिमेंटने. या लेखातले सगळे विवेचन रेझिनच्या तक्त्यांपुरते आहे.

‘पुनर्वापरित’ म्हणजे नेमके किती

याबाबतीत ग्राहकाची फसगत सर्वांत सहज होते, आणि ती खोटे बोलून नव्हे तर अर्धवट बोलून होते. तक्त्यातला सगळाच भाग कागद नसतो. ढोबळमानाने दोन तृतीयांश कागद आणि एक तृतीयांश रेझिन असे प्रमाण असते. ‘शंभर टक्के पुनर्वापरित’ हे शब्द बहुतेक वेळा त्यातल्या फक्त कागदाला लागू असतात, संपूर्ण तक्त्याला नव्हे. शिवाय एकाच कंपनीच्या सगळ्या रंगांत पुनर्वापरित कागदाचे प्रमाण सारखेच असेल असे नाही, कारण फिकट किंवा विशिष्ट रंगांसाठी नव्या लगद्याचा कागद वापरला जाऊ शकतो. त्यामुळे कंपनीविषयी सर्वसाधारण माहिती न विचारता, आपण निवडलेल्या रंगाचे आणि जाडीचे माहितीपत्रक मागावे.

त्या पत्रकात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे कागद कुठून आला. लोकांनी वापरून टाकलेली खोकी आणि रद्दी गोळा करून केलेला कागद वेगळा आणि कागद गिरणीत कापताना उरलेल्या कातरणाचा कागद वेगळा; दोन्हींना ‘पुनर्वापरित’ म्हटले जाते, पण कचऱ्याच्या डोंगरावरचा भार पहिल्याने कमी होतो. दुसरी गोष्ट म्हणजे जंगलांच्या प्रमाणीकरणाचे एफएससी हे चिन्ह. या चिन्हाचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची नावे चकवणारी आहेत. ‘एफएससी १००%’ याचा अर्थ सगळा लगदा प्रमाणित जंगलातल्या नव्या लाकडाचा आहे. त्यात पुनर्वापर अजिबात नाही. ‘एफएससी रिसायकल्ड’ असे लिहिलेले असेल तरच लगदा पुनर्वापरित मालाचा असतो, आणि ‘एफएससी मिक्स’ म्हणजे प्रमाणित जंगलातला, पुनर्वापरित आणि नियंत्रित स्रोतांतला माल यांचे मिश्रण; त्यात पुनर्वापरित भाग असेलच असे नाही. शंभर टक्क्यांचा आकडा पाहून हरखून जाणारा ग्राहक नेमका ज्याला टाळू पाहत होता तेच विकत घेऊन येतो.

रेझिनविषयीही विचारावे. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून ते बनते आणि फिनॉल बहुधा खनिज तेलापासून येते. पूर्ण घट्ट झालेले फिनॉलिक रेझिन स्थिर असते. स्वस्त पार्टिकल बोर्डात वापरल्या जाणाऱ्या युरियाच्या रेझिनपेक्षा त्यातून फॉर्माल्डिहाइड फारच कमी बाहेर पडते. तरीही घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर ग्रीनगार्ड गोल्ड हे घरातल्या हवेविषयीचे प्रमाणपत्र आणि अन्नाच्या संपर्कासाठी एनएसएफ या अमेरिकी प्रमाणन संस्थेचे ५१ क्रमांकाचे प्रमाणपत्र, अशी दोन्ही मागावीत. ओट्याखाली प्लायवूडचा थर द्यायचा असेल तर त्यावर अमेरिकेच्या टीएससीए या विषारी रसायनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार असलेला शिक्का पाहावा, कारण वरचा तक्ता निर्धोक आणि खालचे प्लायवूड वायू सोडणारे, असे झाले तर सगळी काळजी वाया जाते.

पेपरस्टोनने आपल्या रेझिनमध्ये खनिज तेलाला पर्याय म्हणून काजूच्या टरफलातले तेल वापरले, हे कोकणी वाचकाला विशेष वाटेल. कच्च्या बीच्या टरफलातला जो चीक ओठाला लागला तर कातडी सोलवटते, त्यातच फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात आणि त्यांच्यापासून उत्तम रेझिन तयार होते. वेंगुर्ल्यापासून चंदगडपर्यंतच्या काजू कारखान्यांत गर काढल्यावर टरफले उरतात आणि त्यांचे तेल ब्रेकच्या अस्तरांपासून होड्यांच्या रंगापर्यंत अनेक ठिकाणी जाते. अशा तेलाचा ओटा घरात असावा असे मला मनापासून वाटते. पण तेवढ्याच कारणाने तो निवडू नये.

एक बाजू विक्रेते सांगत नाहीत, ती इथे सांगितली पाहिजे. हा तक्ता मातीत कुजत नाही, आणि वितळवून त्याचा दुसरा तक्ताही करता येत नाही. त्याचे पर्यावरणीय मोल तो किती वर्षे वापरला जातो यावर अवलंबून आहे. सध्याचा ओटा धड असेल आणि केवळ कंटाळा आला म्हणून तो फोडायचा असेल, तर पुनर्वापरित कागदाने त्या अपव्ययाची भरपाई होत नाही.

दुसऱ्या बाजूला क्वार्ट्झची तुलना जरूर करावी. कृत्रिम क्वार्ट्झच्या फडीत सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते. ती कापताना उडणाऱ्या बारीक धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली. पेपर कंपोझिट कापताना सिलिकाची धूळ उडत नाही. त्याची स्वतःची धूळही श्वासावाटे घेऊ नये, मुखपट्टी आणि धूळ ओढणारे यंत्र लागतेच. पण आपल्या ओट्यासाठी कुणाच्या छातीत दगडाची भुकटी साचावी लागत नाही, ही माझ्या दृष्टीने या पदार्थाची मोठी जमेची बाजू आहे.

उष्णता: निर्णय इथेच होतो

नामांकित कंपन्या आपल्या तक्त्यांसाठी सुमारे ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १७७ अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता सहन होते असे सांगतात. हा आकडा मराठी स्वयंपाकाशी ताडून पाहावा. कुकरच्या आतले तापमान शिट्टीच्या वेळी १२० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे कुकर क्षणभर टेकला तर घाबरण्याचे कारण नाही. पुऱ्या किंवा भजी तळण्याचे तेल मात्र १८० अंशांच्या पुढे असते आणि कढईचा तळ त्याहूनही तापलेला असतो. भाकरीचा लोखंडी तवा तर २०० अंश सहज ओलांडतो. फोडणीची पळी तळाला लहान आणि तापाला जबर असते, शिवाय ती घाईत कुठेही ठेवली जाते. या तीन वस्तूंनी ओट्यावर काळपट गोल उमटू शकतात, आणि उष्णता फार वेळ एकाच जागी राहिली तर पृष्ठभागाला तडाही जाऊ शकतो. असे डाग वरवरचे असतील तर घासून निघतात, खोलवरचे राहतात.

उपाय अवघड नाही. चुलीच्या उजव्या-डाव्या बाजूला, जिथे हात आपोआप जातो तिथेच, स्टीलच्या किंवा लाकडी अडण्या कायमच्या मांडून ठेवाव्यात. स्वयंपाकघर नव्याने आखत असाल तर चुलीलगतचा फूट-दीड फूट भाग ग्रॅनाइटचा आणि उरलेला ओटा पेपर कंपोझिटचा, अशी जोडणी करावी. दिसायलाही ती छान दिसते. सणावाराला चार-पाच जणी एकाच वेळी ओट्याशी राबत असतील तर प्रत्येकीने अडणीचा नियम पाळावा ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही, म्हणून हा दगडी तुकडा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

नमुन्याची घरच्या घरी तपासणी

दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या चौकोनावरून निवड करू नये. कंपन्या नमुन्याचे तुकडे देतात. मनात असलेल्या प्रत्येक रंगाचे दोन-दोन तुकडे मागवावेत आणि निदान महिनाभर हाताशी ठेवावेत. ही तपासणी खर्चाची नाही, आणि तिच्याइतके खरे उत्तर कुठलेही माहितीपत्रक देत नाही.

पहिला तुकडा उजेडासाठी राखावा. त्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने घट्ट गुंडाळून, दक्षिणेकडची किंवा पश्चिमेकडची खिडकी पाहून तो उन्हात ठेवावा. काही आठवड्यांनी कागद काढल्यावर मधोमध स्पष्ट रेघ दिसेल: झाकलेला भाग मूळ रंगाचा, उघडा भाग गडद आणि किंचित तपकिरी झुकावाचा. फिनॉलिक रेझिन प्रकाशाने व हवेने गडद होत जाते, हा त्याचा स्वभाव आहे. लाल, हिरव्या, करड्या आणि मधाळ रंगांत हा फरक ठळक जाणवतो, काळ्यात जवळपास कळत नाही. ओट्यावर नेहमी एकाच जागी मिक्सर किंवा डब्यांची रांग असेल तर काही वर्षांनी त्यांच्याखाली फिकट चौकोन राहतील. ती रेघ पाहून मनाला खटकले तर काळा घ्यावा किंवा हा पदार्थच सोडून द्यावा. आवडले तर पुढे जावे. शुभ्र पांढरा रंग या पदार्थात मिळत नाही, कारण रेझिनच मुळात तपकिरी असते.

दुसरा तुकडा स्वयंपाकाला लावावा. चमचाभर गरम तेलात हळद आणि लाल तिखट घालून त्याचे दोन थेंब दोन जागी टाकावेत. एक दहा मिनिटांनी पुसावा, दुसरा सकाळपर्यंत तसाच ठेवावा. शेजारी कोकमाचे आगळ, लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, कपाच्या बुडाचा चहाचा गोल आणि ओल्या लोखंडी तव्याची कड यांनाही रात्रभर जागा द्यावी. सकाळी साध्या साबणाने आणि मऊ फडक्याने सगळे पुसून तुकडा उजेडात तिरका धरावा. लिंबू आणि चिंच यांचा परिणाम बहुधा दिसणार नाही. ज्यांच्या घरी कडप्प्याचा ओटा होता त्यांना आंबटाने पडणारे पांढरट डाग आठवत असतील. कडप्पा चुनखडीच्या जातीचा असल्याने तसे होते, फिनॉलिक रेझिन मात्र सौम्य आम्लाला दाद देत नाही. हळदीचे तसे नाही. फिकट रंगावर रात्रभर राहिलेला थेंब पिवळी सावली सोडू शकतो. हळदीतला रंग उन्हाने विरतो, म्हणून तोच तुकडा दोन-चार दिवस खिडकीत ठेवून सावली किती उरते तेही पाहावे. लोखंडाचा गंजकट गोल काळ्या रंगावरसुद्धा दिसू शकतो.

काळा रंग घेतला म्हणजे सगळे झाकले जाते, हा समज सोडावा. हळद आणि चहा त्यावर दिसत नाहीत, पण ज्वारी-तांदळाचे पीठ, बोटांचे तेलकट ठसे आणि जड पाण्याचे सुकलेले पांढरे थेंब त्यावर ठळक उठतात. ज्या घरात रोज भाकरी थापली जाते तिथे गडद तपकिरी किंवा करडा रंग जास्त समाधान देतो.

शेवटी त्याच तुकड्यावर सुरीने एक रेघ ओढावी. ती पांढुरकी दिसेल. मग नायलॉनच्या घासणीने एकाच दिशेने हलके घासून, खाद्य दर्जाच्या मिनरल तेलाचे दोन थेंब चोळावेत. रेघ किती मावळली आणि आजूबाजूचा भाग किती वेगळा दिसू लागला, यावरून पुढची अनेक वर्षे आपण काय करणार आहोत याची कल्पना येते. तक्ता आरपार एकाच रंगाचा असल्यामुळे घासल्यावर आतून दुसरा रंग निघत नाही. लॅमिनेटचा वरचा पापुद्रा एकदा गेला की गेला, तशी गत इथे होत नाही.

जाडी, तक्त्याचा आकार आणि वजन

घरगुती ओट्यासाठी साधारण १९ किंवा २५ मिलिमीटर जाडी पुरते. जाड दिसावा असे वाटत असेल तर सगळा तक्ता जाड घेण्याऐवजी फक्त पुढच्या कडेला खालून पट्टी जोडून घ्यावी. पैसे आणि माल दोन्ही वाचतात. तक्ते चार बाय आठ फुटांपासून पाच बाय बारा फुटांपर्यंत मिळतात. आपल्या ओट्याचा आराखडा कागदावर काढून त्यात कुठला तक्ता कमीत कमी वाया जातो ते आधी मांडावे, कारण दर बहुधा पूर्ण तक्त्यावर लागतो. चांगल्या दगडाइतका खर्च येईल हे गृहीत धरून चालावे. ‘कागद आहे म्हणजे स्वस्त असेल’ हा अंदाज चुकतो.

वजनाचा फायदा मात्र खरा आहे. तीन सेंटिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन दर चौरस मीटरला ८० किलोच्या आसपास भरते, तर २५ मिलिमीटरच्या पेपर कंपोझिटचे ३० ते ३५ किलो. जुन्या लाकडी घरात, वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत किंवा आहेत तीच कपाटे ठेवायची असतील तिथे हा फरक मोलाचा ठरतो. दगडाच्या मानाने पृष्ठभाग हाताला उबदार लागतो आणि स्टीलची भांडी आपटल्यावर आवाजही कमी होतो. खलबत्ता मात्र मधोमध न ठेवता कपाटाच्या उभ्या फळीच्या बरोबर वर, खाली दुमडलेले फडके घालून वापरावा.

काम कुणाकडून आणि कसे करून घ्यावे

हे काम दगडाच्या कारागिराचे नसून सुताराचे आहे. कार्बाइडच्या पात्यांनी लाकडासारखेच ते कापले जाते. ज्याने हा पदार्थ पूर्वी हाताळला आहे असाच सुतार शोधावा आणि त्याने केलेला, दोन-तीन वर्षे वापरात असलेला ओटा प्रत्यक्ष पाहावा. नव्या कामाच्या छायाचित्रावरून सांधे कसे टिकतात हे कळत नाही. काम देण्यापूर्वी त्याच्याशी पुढील गोष्टी बोलून त्या अंदाजपत्रकात लिहून घ्याव्यात.

तक्ता घरी आल्यावर तो आडवा, सर्वत्र सारखा आधार देऊन आणि दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा ठेवला पाहिजे. भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर त्याला बाक येतो. दमटपणाने आणि उष्णतेने तो किंचित पसरतो व आकुंचन पावतो, म्हणून भिंतीलगत सुमारे तीन मिलिमीटर फट सोडून ती सिलिकॉनने भरावी. कपाटांना तो कडक गोंदाने जखडू नये. लवचीक सिलिकॉन आणि स्क्रूसाठी थोडी मोठी भोके, असा मोकळेपणा ठेवावा. सिंकच्या आणि चुलीच्या खाचेचे कोपरे काटकोनात न कापता गोलाईत कापावेत, कारण तडा जाण्याची सुरुवात अशा काटकोनातूनच होते. खालचा पृष्ठभाग आणि कापलेल्या सगळ्या कडाही वरच्यासारख्याच तेल किंवा सीलर लावून बंद कराव्यात. डिशवॉशरच्या वर वाफ रोखणारी पट्टी लावून घ्यावी.

एल आकाराच्या ओट्यात सांधा येणारच. काळ्या रंगात तो कमी दिसतो, फिकट रंगात बारीक रेघ राहते. सांधा सिंक, चूल आणि डिशवॉशर या तिन्हींपासून दूर आला पाहिजे. कागदाच्या तंतूंना एक दिशा असते; दोन तुकडे वेगवेगळ्या दिशांनी लावले तर प्रकाशात त्यांची छटा किंचित निराळी दिसते. एल आकारात हे पूर्ण टाळता येत नाही, पण सुताराने दोन्ही तुकडे आधी जुळवून, खिडकीच्या उजेडात दाखवून मगच कापावेत असा आग्रह धरावा.

या पदार्थात एक सुख असे मिळते की सिंकच्या बाजूला तक्त्यातच उताराच्या पन्हळी कोरून घेता येतात. धुतलेल्या भांड्यांचे पाणी आपोआप सिंकमध्ये उतरते आणि वेगळ्या ट्रेची गरज राहत नाही. आपल्याकडे हाताने घासलेली भांडी पालथी घालण्याची पद्धत अजून टिकून आहे, म्हणून ही सोय जरूर मागावी.

रोजची निगा

सौम्य साबण, पाणी आणि शेवटी कोरडे फडके, एवढे पुरते. ब्लीच आणि तुंबलेले पाइप मोकळे करणारी कॉस्टिक पावडर यांना ओट्यापासून दूर ठेवावे, कारण आम्लाला न जुमानणारे फिनॉलिक रेझिन तीव्र क्षार आणि ब्लीच यांच्यापुढे मात्र नमते. तारेची घासणीही नको. तिने चकचकीत ओरखडे उमटतात. पृष्ठभाग कोरडा आणि निस्तेज दिसू लागला की खाद्य दर्जाचे मिनरल तेल किंवा तेल आणि मधमाशांच्या मेणाचे मिश्रण पातळ लावून, अर्ध्या तासाने उरलेले नीट पुसून काढावे. करडई-शेंगदाण्याचे तेल लावू नये. ते कालांतराने चिकट आणि खवट होते. ओट्यावरच पीठ तिंबायचे असेल तर लावलेला प्रत्येक थर खाण्याच्या दृष्टीने निर्धोक असल्याची खात्री करावी. सुरी मात्र नेहमी पाटावरच चालवावी, कारण इथे ओटा कापला जातो, दगडासारखी सुरी बोथट होत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईतल्या घरासाठी हे तक्ते वॉशिंग्टनहून समुद्रमार्गे मागवणे मला समर्थनीय वाटत नाही. जवळच्या राज्यांतून येणारा ग्रॅनाइट हा तिथला टिकाऊ आणि सहज उपलब्ध पर्याय आहे. कागदाचाच ओटा हवा असेल तर भारतीय लॅमिनेट कंपन्या बनवतात ते कॉम्पॅक्ट लॅमिनेट पाहावे. कार्यालयांतली स्वच्छतागृहांची विभाजने आणि प्रयोगशाळांची टेबले त्याचीच असतात. त्याचा गाभा क्राफ्ट कागद आणि फिनॉलिक रेझिनचाच असतो, पण वर मेलामाइनचा रंगीत थर दाबलेला असतो. त्यामुळे पांढऱ्यासह पाहिजे तो रंग मिळतो आणि हळदीचा डाग कमी धरतो, मात्र वरचा थर ओरखडला तर घासून दुरुस्त करता येत नाही. कडेला गाभ्याची काळी रेघ दिसते. गाभ्यातला कागद पुनर्वापरित आहे की नाही, हे इथेही रंगागणिक लेखी विचारावे आणि नमुन्याची वर सांगितलेली हळद-चहाची तपासणी याही पदार्थाची करावी.

दोन्हीकडे लागू असलेली एक गोष्ट उरते. सिंकसाठी कापून काढलेला मधला तुकडा तक्त्याच्या किमतीत आधीच धरलेला असतो आणि पुष्कळदा कारागीर तो घेऊन जातो. तो आपला आहे हे अंदाजपत्रकात लिहून घ्यावे आणि कडा गोल करून त्याचा चिरण्याचा पाट करून मागावा. उरलेल्या पट्ट्यांपैकी एखादी हातभर पट्टीही जपून ठेवावी. काही वर्षांनी ओट्याला दुरुस्ती लागली तर तेल, घासणी किंवा नवा सीलर आधी तिच्यावर लावून पाहता येतो.